माझ्या बोटाचा नेफा उसवणाऱ्या अजूनएकरावांस

प्रति,
श्री. अजूनएकराव,
मु. पो. खालची गादी, भिंतीपासून सहा फुटांवर, चहाच्या ग्लासाशेजारी.

विषय : माझ्या डाव्या अनामिकेवर आपण केलेल्या उपकारांबाबत.
संदर्भ : आपली गेल्या श्रावणातली, मंगळवार रात्री पावणेनऊची आरोळी.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मला आता दोन्ही हातांनी टाइप करता येऊ लागलं आहे. मधले सहा आठवडे सगळा कारभार उजव्या हातावर होता, आणि एका हाताने माणूस फार तर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पोचले’ एवढंच लिहितो. आभार मानायला उशीर झाला तो यामुळे. राग नसावा.

तुमचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. एकतर तुम्ही स्वभावाने वाईट नाही, आणि दुसरं म्हणजे तुम्ही एकटे नाही. पुण्यात, ठाण्यात, नाशकात जिथे म्हणून चढाईसाठी प्लायवूडची भिंत उभी राहते आणि तिच्यावर रंगीबेरंगी होल्ड बसवले जातात, तिथे खालच्या गादीवर मांडी ठोकून एक अजूनएकराव आपोआप उगवतात. पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे. त्यांना कोणी नेमलेलं नसतं, पगार नसतो, पण हजेरी चोख असते.

त्या मंगळवारी मी पिवळ्या प्रॉब्लेमवर, म्हणजे पिवळ्या होल्डच्या वाटेवर, चार वेळा पडले होते. त्यातला शेवटून दुसरा होल्ड म्हणजे ग्लुकोज बिस्किटाच्या जाडीची एक कड. ती डाव्या हाताने धरायची, उजवा पाय उंच घ्यायचा आणि वरच्या ‘जग’ला, म्हणजे मूठभर पकडता येणाऱ्या मोठ्या होल्डला, हात घालायचा. चौथ्या वेळी माझी बोटं त्या कडेवर आपोआप उघडली. आज दुकान बंद, असं हातांनी सभ्य भाषेत सांगून टाकलं होतं. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग लाटण्यासारखा कडक झाला होता. मी एक बूट काढलाही होता. तेवढ्यात तुम्ही चहाचा घोट गिळून म्हणालात, “अगं, बूट काय काढतेस! आलंच होतं की हातात. अजून एक!”

काढलेला बूट मी परत घातला. हा गुन्हा माझा, कबूल. तुमचा वकील पहिल्याच तारखेला हे उकरून काढणार, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

पाचव्या वेळी बोटांत जीव उरला नव्हता, तेव्हा नडलेला माणूस करतो तेच मी केलं : फुल क्रिम्प. मधले सांधे डोंगरासारखे उभे केले, टोकाची पेरं उलटी मोडली आणि वरून अंगठ्याचं कुलूप लावलं. उजवा पाय उचलला, डावा सटकला, आणि सगळं वजन त्या बिस्किटावर आलं. टक्! भुईमुगाची ओली शेंग फोडावी तसा आवाज. तुम्हीही तो ऐकलात, कारण निदान लगेच आलं : “बोट मोडलं वाटतं. बरं झालं, मोकळं झालं!”

अजूनएकराव, आमच्याकडे एखाद्याचा राग आला की बायका त्याच्या नावाने बोटं मोडतात. तुम्ही तीही सोय ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोह्यांवर लिंबू पिळता येईना. पंचा पिळता येईना. स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हाताला, त्यामुळे कर्वे रस्त्यावर मी तर्जनीच्या भरवशावर आणि देवाच्या कृपेवर ऑफिसला जात होते. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी बोट अर्धं वाकवून त्यांच्या बोटावर दाबायला सांगितलं, तशी पडद्यावर हाडालगत धावणारी दोरी हाडापासून जराशी वर उचलली गेली. “ए-टू पुली. अर्धवट फाटलीय,” ते म्हणाले. मग फिजिओथेरपिस्टने गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लॅस्टिकची एक कडी माझ्या बोटावर बेतून बसवली. अडतिसाव्या वर्षी डाव्या अनामिकेत अंगठी बघून आईच्या भिशीतल्या मावशींनी विचारलं, “अगो बाई! मुलगा काय करतो?” काय सांगणार? म्हटलं, बसून ओरडतो.

आता थोडं शरीरशास्त्र. तुमचं शिक्षण तीस सेकंदांच्या रीलमध्ये झालं असल्यामुळे हा धडा राहून गेला असावा. बोटांत स्नायू नसतातच. बोट जोराने वाकवणारे स्नायू कोपराखाली असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटातून, तळव्यातून निघून बोटांच्या पेरांना जाऊन बांधलेल्या असतात. लेंग्याची नाडी नेफ्यातून जाते, तशी ही कंडरा बोटाच्या हाडालगत एका नेफ्यातून जाते. त्या नेफ्याला जागोजाग आडवे पट्टे, म्हणजेच पुली, असतात. प्रत्येक बोटात असे मुख्य पाच, ए-वन ते ए-फाइव्ह. त्यांतले ए-टू आणि ए-फोर हे घरातले कर्ते. वाकलेल्या बोटात कंडरा ताणली की ती हाड सोडून सरळ व्हायला बघते, आणि हे पट्टे तिला दाबून धरतात. बोट जितकं कोंबलेलं, तितका पट्ट्यांना जाच जास्त. फुल क्रिम्पमध्ये ए-टूवर येणारा भार बोटाच्या टोकावरच्या भाराच्या तीन-चार पट होऊ शकतो. तोच होल्ड बोटं मोकळी ठेवून, नुसती अडकवून धरला, तर ए-टूला त्याचा लहानसा वाटाच उचलावा लागतो. माणूस तोच, वजन तेच, फरक फक्त बोटांच्या घडीचा. त्या रात्री माझी नाडी शाबूत राहिली आणि नेफा उसवला.

तुमचं सगळंच चूक आहे, असं मात्र नाही. स्नायूला तुमची भाषा कळते. त्याला दमवा, खाऊ घाला, झोपवा, की दोन-तीन महिन्यांत तो ताजातवाना होऊन दारात उभा. रक्तपुरवठा मुबलक, स्वभाव हौशी. कंडरा आणि पट्टे मात्र सरकारी कचेरीसारखे. अर्ज घेतात, पण शिक्का आपल्याच गतीने मारतात. इथेच सगळ्या नवशिक्यांचा घात होतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात हात एकदम जोरात येतो, काल न सुटणारे प्रॉब्लेम आज सुटतात, आणि नेफा मात्र अजून गेल्या वर्षीच्याच कापडाचा असतो.

ही गती किती संथ, याचा पुरावा अणुबॉम्बने दिला आहे. १९५० च्या आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ एकाएकी वाढला आणि १९६३ च्या बंदी करारानंतर हळूहळू उतरत गेला. तो अन्नातून माणसांच्या अंगात शिरला आणि कुठली ऊती कधी विणली गेली याची तारीखच तिथे उमटली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली टाचेमागच्या अकिलीस कंडरेत ही तारीख वाचली. स्नायूत जुना माल बदलून नवा आलेला दिसला, पण कंडरेचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत विणून झाला होता आणि पुढे जवळजवळ तसाच राहिला होता. ती टाचेची, ही बोटाची. पण जात एकच. ती बळकट होतच नाही असं नाही. योग्य ताण नेमाने मिळाला तर होते, पण हिशोब महिन्यांचा आणि वर्षांचा. तुम्ही माझ्याकडे मागितलेला हप्ता पावणेनऊचा होता, आणि तुमचा चहा संपायच्या आत हवा होता.

तुमच्या दुसऱ्या सल्ल्याचीही नोंद घेते. भिंतीवर यायला लागून मला जेमतेम सात महिने झाले होते, तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या कॅम्पस बोर्डकडे हनुवटीने खूण केली होती. “पाय न लावता चढायचं. गुलिख असाच तयार झाला.” वोल्फगांग गुलिख या चढाईपटूचं नाव तुम्ही मारुतीच्या नावासारखं घेता म्हणून सांगते. त्याने न्यूरेंबर्गच्या ‘कॅम्पस’ नावाच्या व्यायामशाळेत लाकडी पट्ट्यांची ती शिडी टांगली १९८८ साली. त्याआधी १९८४, १९८५ आणि १९८७ असं तीनदा त्याने जगातल्या सर्वांत अवघड मार्गाची पायरी स्वतः वर सरकवून ठेवली होती. शिडीनंतर १९९१ साली त्याने फ्रांकेन्युरामधला ‘अ‍ॅक्शन डायरेक्ट’ चढून काढला, एक-दोन बोटांच्या भोकांवरून झेपा घेत. ती शिडी म्हणजे पीएचडीचा शेवटचा पेपर. तुम्ही मला बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये तो सोडवायला बसवत होतात.

आणि थोरामोठ्यांचंच उदाहरण द्यायचं, तर पूर्ण द्यावं. २०१६ मध्ये वाशीला बोल्डरिंगचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा मी प्रेक्षकांत होते. मला सर्वांत जास्त आठवतात त्या खुर्च्या. पात्रता फेरीत पाच मिनिटं चढाई आणि पाच मिनिटं विश्रांती, हा नियमच होता. जगातले सर्वांत ताकदवान हात भिंतीकडे पाठ करून मांडीवर गप्प ठेवलेले होते, आणि त्यांच्या कानाशी कोणी ओरडत नव्हतं.

आता थोडं तुमच्याविषयी. रागावू नका, पण अंगठी घालून भिंतीखाली बसायला लागल्यावर माझ्याकडे वेळच वेळ होता आणि समोर तुम्ही होतात. चहाचा ग्लास तुम्ही नेहमी डाव्या हाताने उचलता. विंडचीटर घालताना आधी उजवी बाही चढवता आणि मग उरलेलं जाकीट त्या हाताभोवती वळवून आणता. वरच्या कप्प्यातली पिशवी पोरांकडून काढून घेता. भिंतीला हात लावलेला तुम्हाला वर्षभरात कोणी पाहिलेलं नाही. अजूनएकराव, तुमचा उजवा खांदा गेलेला आहे. तोही असाच कुठल्यातरी ‘अजून एक’ने गेला असणार, आणि तेव्हा खाली गादीवर दुसरे कोणी राव बसलेले असणार. हा वारसा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, हे मला उशिरा उमगलं.

शाळेच्या पुस्तकात खांद्याला उखळीचा सांधा म्हटलेलं असतं. उखळ कसलं, ती बशी आहे. दंडाच्या हाडाचं डोकं म्हणजे त्या बशीत ठेवलेला बेसनाचा लाडू. बशी उथळ, म्हणूनच हात सगळीकडे फिरतो, आणि लाडू घरंगळू नये म्हणून रोटेटर कफ नावाचे चार छोटे स्नायू त्याला चहूबाजूंनी धरून असतात. ही बशी खवाट्याचाच एक भाग असल्याने खवाटा जागेवर राहिला नाही तर बशीच तिरकी होते. दमलेला गडी पट्टीवर लटकतो तेव्हा खांदे कानांना टेकतात, चार पहारेकरी डुलक्या काढतात आणि सगळं ओझं सांध्याच्या आतल्या वेष्टनावर येतं. वर आपण सगळे भिंतीवर नुसतं खेचतच असतो. खेचणारे स्नायू पैलवान आणि ढकलणारे, बाहेर फिरवणारे स्नायू उपाशी. मग खांदे पुढे झुकतात आणि माणूस लांबून प्रश्नचिन्हासारखा दिसू लागतो.

याचं औषध आपल्याकडे होतंच. तालमीत मुद्गलांची जोडी फिरवायचे. डोक्यामागून, बाजूने, पुढून, दोन हातांच्या दोन लयी. वजन बेताचं असलं तरी सततच्या फिरण्याने त्या चार पहारेकऱ्यांना झोप काढायची सोय नव्हती. इंग्रजांनी ही जोडी इथून नेली, तिची कवायत बसवली, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ती जिम्नॅस्टिक्सचा खेळ म्हणून फिरली. आपण ती माळ्यावर टाकली आणि हल्ली ‘शोल्डर मोबिलिटी’च्या नावाने पैसे भरून शिकतो. आणि तालमीतली दुसरी गोष्ट आठवते? माझे आजोबा मल्लखांबाला जायचे. ते सांगत की वस्तादाच्या तोंडी एकच शब्द फार : “पुरे.” पोरगं खुशीत आलं, वेलांट्या घेऊ लागलं, की पुरे. उद्या ये. तुमच्या आणि त्यांच्या शिकवणीत फरक फक्त एका शब्दाचा आहे.

एका गोष्टीची मात्र थट्टा करणार नाही. गेल्या रविवारी तुम्ही त्या चौदा वर्षांच्या मुलाला कॅम्पस बोर्डवर चढवत होतात. त्या वयात बोटांच्या हाडांच्या वाढीच्या चकत्या अजून जुळलेल्या नसतात. मोठ्या माणसाचा पट्टा फाटतो, मुलांची ही चकती तडकते. मधल्या सांध्याच्या पाठीवर दुखायला लागतं, मुलगा सांगत नाही, कारण खाली तुम्ही बसलेले असता. चकती वेडीवाकडी जुळली तर बोट जन्मभर वाकडं. वाढ पूर्ण होईपर्यंत मुलांनी कॅम्पस बोर्डापासून लांब राहावं, क्रिम्प मोजकी घ्यावी आणि मनसोक्त चढावं, हे या क्षेत्रातले डॉक्टर कधीचे कानीकपाळी ओरडत आहेत. ओरडण्यात तुमचा आवाज जास्त मोठा, एवढंच.

तर आता माझं कसं चाललंय, असं तुम्ही विचारणार नाहीच. तरी सांगते.

पहिली पंधरा मिनिटं अंग तापवण्यात जातात. आधी जिन्यावरून चढउतार, मग मोठे होल्ड, मग लहान. मग वीस मिलिमीटरची पट्टी. तिच्यावर लटकायचं दहा सेकंद, दोन्ही पाय स्टुलावर ठेवून, म्हणजे वजन किती उचलायचं ते माझ्या हातात, किंवा खरं तर पायांत. पकड अर्धी क्रिम्प किंवा मोकळी, अंगठ्याला सुट्टी. खांदे कानांपासून खाली ओढलेले. मग तीन मिनिटं विश्रांती, तीही घड्याळ लावून. असे पाच फेरे, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फेरा सोडताना हातात दोन-तीन सेकंद शिल्लक राहिलेच पाहिजेत. सलग दोन आठवडे सगळं सुरळीत गेलं तरच पायांवरचा भार जरासा कमी करायचा. चढाईच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत तर एवढंही लागत नाही. नेमाने चढणं हाच बोटांचा व्यायाम.

मोकळ्या दिवशी जोर मारते, कारण ढकलणारे उपाशी राहता कामा नयेत. दाराच्या कडीला रबरी पट्टा अडकवते, कोपर कुशीला चिकटवते आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवते. दिसायला हे इतकं पुचाट आहे की तुम्ही हसाल. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात कीथ बार यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्थिबंधांवर पाहिलं, की ताण मिळाला की दहा-एक मिनिटांत पेशींचं पोट भरतं आणि पुढची भूक लागायला सहा तास जातात. त्यावरून काही चढणारे रोज दोन वेळा, पाय जमिनीवरच ठेवून, अगदी हलकं टांगून घेतात. या सगळ्यात कुठेही तुमच्या आरोळीची जागा सापडली नाही, मी शोधली.

सकाळी उठल्यावर आधी मूठ वळून बघते. बोट ताठर वाटलं, किंवा मुळाशी दाबल्यावर दुखलं, तर त्या दिवशी पट्टीला हात नाही. मित्रमैत्रिणी लोणावळ्याला नागफणीला निघाल्या तरी नाही. पिवळा प्रॉब्लेम अजून सुटलेला नाही. परवा चौथ्या वेळी ते बिस्किट मोकळ्या पकडीत धरलं, वरच्या जगला बोटांची टोकं लागली, आणि मी खाली आले. तुम्ही तोंड उघडलंत. मी दोन्ही बूट काढले.

शेवटी एक विनंती, आणि ही मनापासून. तुमचा आवाज चांगला आहे आणि बसायची चिकाटी तर दांडगी. भिंतीखाली खरी गरज आहे ती तीन मिनिटं मोजणाऱ्या माणसाची. मोजायचं, आणि कोणाची बोटं होल्डवर उघडू लागली की “पुरे” म्हणायचं. पगार नाही, चहा आमच्याकडून. आणि रोज अर्धा तास लवकर या. मी तुमच्यासाठी दुसरा रबरी पट्टा आणून ठेवला आहे, सगळ्यात हलका. उजव्या खांद्यापासून सुरुवात करू. पहिल्या दिवशी फक्त दहा वेळा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
डावी अनामिका, हिच्यातर्फे हिची मालकीण

ता. क. : उत्तर पाठवायचं झाल्यास एकच पाठवा.